पार्किंगवर उभी असलेली जुनी इमारत भूकंपासाठी मजबूत कशी करून घ्यावी: सोसायट्यांसाठी पायरीपायरीने

आमची इमारत पुण्यातली, १९९१ सालची. खाली पार्किंग, वर चार मजले, सोळा सदनिका. मी सहा वर्षं सोसायटीची सचिव होते आणि तेवढ्या काळात आम्ही याच इमारतीवर दोनदा मोठा खर्च केला. पहिल्या खेपेला बाहेरचा गिलावा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, गंजलेल्या सळयांची दुरुस्ती आणि रंग. आता निदान पंधरा-वीस वर्षं बघायला नको, असं सगळ्यांना वाटलं. तीन वर्षांनी दुसऱ्या एका अभियंत्यांनी पार्किंगमधल्या एका कॉलमचं हातभर कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर, फोडून दाखवलं. आत उभ्या सळयांना बांधणाऱ्या आडव्या रिंगा नऊ-नऊ इंचांवर होत्या आणि प्रत्येकीचं टोक काटकोनात वळवून सोडून दिलेलं होतं. कॉलमला भेग नव्हती, गंज नव्हता. रोजचं वजन तो आणखी कित्येक वर्षं पेलणार होता. पण मोठा भूकंप त्याला पेलवला नसता.

ही गोष्ट आधी कळली असती तर एकाच खर्चात दोन्ही कामं झाली असती. तुमच्या सोसायटीत हा विषय नुकताच निघाला असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

१. दुरुस्ती वेगळी, मजबुतीकरण वेगळं

आपल्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. त्या ऑडिटमध्ये साधारणपणे एवढंच बघतात, की जे बांधलं आहे ते अजून शाबूत आहे का. मुळात ते भूकंपाचा विचार करून बांधलं होतं का, हा प्रश्न वेगळा आहे. तो तुम्ही विचारला नाहीत तर बहुतेक वेळा कुणी विचारत नाही.

इमारतीचं वजन रोज सरळ खाली जातं. भूकंप तिला आडवा हलवतो. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असल्याने ते ताठ राहतात. पार्किंगमध्ये भिंती नसतात, त्यामुळे हलण्याचा जवळजवळ सगळा भार तिथल्या कॉलमांवर येतो. शेतात राखणीसाठी चार मेढींवर माळा बांधतात, तशीच ही रचना. माळा हलला की वाकतात त्या मेढी.

२६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपाने हेच दाखवून दिलं. अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर होतं, तरी तिथल्या पार्किंगवर उभ्या असलेल्या अनेक इमारती कोसळल्या. किल्लारीत १९९३ साली दगडमातीची घरं पडली, त्यामुळे आपल्याकडे अनेकांची समजूत झाली की आरसीसी म्हणजे निर्धोक. अहमदाबादेत पडल्या त्या आरसीसीच्याच होत्या.

आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २००२ सालच्या नकाशात पुणे आणि मुंबई तिसऱ्या झोनमध्ये आहेत, कोयना परिसर चौथ्यात (झोनचा क्रमांक जितका मोठा तितका धोका जास्त). भूकंपासाठी सळया आणि रिंगा कशा बांधायच्या हे सांगणारं आयएस १३९२० हे मानक १९९३ सालचं. म्हणजे आमची इमारत त्याच्याही आधीची. नंतरच्या काही वर्षांतही तिसऱ्या झोनमधल्या लहान इमारतींना ते सरसकट लागू नव्हतं. तुमची इमारत नव्वदच्या दशकातली असेल, तर ते पाळलं गेलं नसावं असंच धरून चाला.

२. आधी स्वतः खाली जाऊन पाहा

एक रविवार काढा आणि टेप, वही आणि टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये फिरा. अभियंत्यांना बोलवण्याआधी हे केलं तर त्यांच्याशी बोलताना प्रश्न विचारता येतात.

कॉलम मोजा आणि प्रत्येकाची रुंदी लिहा. भिंतीत लपावेत म्हणून त्या काळी नऊ इंच, म्हणजे २३० मिलिमीटर रुंदीचे कॉलम सर्रास करत. आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची किमान रुंदी ३०० मिलिमीटर आहे.

भिंती कुठे आहेत ते पाहा. सोसायटीचं ऑफिस, वॉचमनची खोली आणि मीटरची खोली एकाच कोपऱ्यात असतील, तर तो कोपरा ताठ आणि बाकीचं पार्किंग मोकळं. अशी इमारत भूकंपात त्या कोपऱ्याभोवती पिळली जाते.

दोन कॉलमांमध्ये अर्ध्या उंचीची भिंत आणि वर जाळी असेल, तर त्याची खास नोंद करा. भिंतीने धरलेला कॉलम वरच्या मोकळ्या, आखूड भागातच वाकू शकतो आणि तिथेच कातरला जातो. आमच्याकडे सायकली ठेवायला अशी भिंत नंतर बांधली होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

वरचा एखादा कॉलम खाली पायापर्यंत न येता बीमवरच संपतो का, गच्चीवर जादा टाकी किंवा शेड आली आहे का, तळाच्या सदनिकांत कुणी भिंत काढली आहे का, हेही लिहून ठेवा.

३. कागदपत्रं

ही फाइल तयार नसेल तर पुढे प्रत्येक टप्प्यावर काम अडतं:

- मंजूर नकाशे आणि भोगवटा पत्र
- आरसीसी सल्लागाराचे नकाशे: पाया, कॉलम, बीम, सळयांचा तपशील
- माती परीक्षणाचा अहवाल
- आधीच्या ऑडिटचे अहवाल, दुरुस्तीची बिलं, वापरलेल्या मालाची नावं
- सदनिकांमध्ये झालेल्या बदलांची यादी (सभासदांकडून लेखी घ्या)
- सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि कन्व्हेयन्सची कागदपत्रं

मंजूर नकाशे महापालिकेच्या बांधकाम विभागातून मिळतात. अर्ज करून दाद लागली नाही तर माहिती अधिकार वापरा. आरसीसीचे नकाशे मिळणं कठीण जातं. बिल्डरकडे नसतील तर मूळ सल्लागाराच्या कार्यालयात विचारा. आम्हाला कॉलमांच्या मापांचा आणि सळयांचा तक्ता तिथेच, एका जुन्या ब्लूप्रिंटवर मिळाला. काहीच नाही मिळालं तरी काम होतं, फक्त फोडून पाहण्याच्या जागा वाढतात.

४. अभियंता निवडा आणि काम लेखी द्या

इथे सगळ्यात मोठी चूक होते. दुरुस्तीचा ठेकेदार "ऑडिट मोफत करून देतो" म्हणतो आणि कमिटीला बरं वाटतं. ज्याला काम मिळणार आहे त्यानेच काय काम आहे ते ठरवायचं, हे करू नका. अभियंत्यांना सोसायटीने पैसे द्यायचे आणि त्यांचा ठेकेदाराशी संबंध नसावा.

भेटायला येणाऱ्या प्रत्येक स्ट्रक्चरल अभियंत्याला हे विचारा. आधी एखाद्या उभ्या, लोक राहत असलेल्या इमारतीचं भूकंपासाठी मजबुतीकरण केलं आहे का? ती बघायला मिळेल का? पार्किंगचा मजला संगणकाच्या मॉडेलमध्ये कसा धरणार, वरच्या भिंतींचा ताठपणा मोजणार की नाही? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट येत नसेल तर पुढे जाऊ नका. भिंती न धरता मॉडेल केलं, की पार्किंगचा कमकुवतपणा आकड्यांत दिसतच नाही.

कार्यादेशात स्पष्ट लिहा: आयएस १५९८८ (२०१३) प्रमाणे मूल्यमापन. उभ्या असलेल्या आरसीसी इमारतींची भूकंपाच्या दृष्टीने तपासणी आणि मजबुतीकरण यांसाठीचं हे भारतीय मानक आहे. शिवाय आयएस १८९३ ची सध्या लागू असलेली आवृत्ती, प्रत्येक कॉलमची गरज (भूकंपात त्याला किती भार पेलावा लागेल) आणि क्षमता यांचा तक्ता, मजबुतीकरणाचे तपशीलवार नकाशे, कामाचं परिमाणपत्रक (कोणतं काम किती, याची यादी) आणि काम चालू असताना ठरलेल्या भेटी. मोठा खर्च असेल तर हिशेब एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागाकडून तपासून घ्या. त्याची फी एकूण खर्चापुढे किरकोळ असते.

५. चाचण्या

रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक पल्स या न फोडता होणाऱ्या चाचण्या आहेत. काँक्रीटमधून ध्वनिलहरीचा वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली आला तर काळजी करावी. खरी ताकद कळते ती कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल नळकांड्यासारखा नमुना, काढून. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे कोअरची सरासरी ताकद अपेक्षित ग्रेडच्या किमान ८५ टक्के असावी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नसावा.

फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलिन फवारतात. निरोगी काँक्रीट गर्द गुलाबी होतं. जिथे कार्बोनेशन झालं आहे, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा क्षारपणा गेला आहे, तिथे रंगच येत नाही. बिनरंगाचा पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर सळईचं संरक्षण संपलं. आमच्या पार्किंगमध्ये रस्त्याकडचे कॉलम पांढरट राहिले आणि आतले गुलाबी झाले. सभासदांना अहवालातल्या आकड्यांपेक्षा हे जास्त पटलं, म्हणून चाचणीच्या दिवशी शक्य तितक्या लोकांना खाली बोलवा.

एक आग्रह मात्र सोडू नका: किमान तीन-चार कॉलमांचं कव्हर प्रत्यक्ष फोडून रिंगा पाहायच्या, आणि त्याही कॉलमच्या तळाशी आणि माथ्याशी, कारण भूकंपात तिथेच सर्वांत जास्त ताण येतो. सळई शोधणाऱ्या यंत्रावर रिंगांचं अंतर दिसतं, टोकाचा आकडा (हुक) कसा वळवला आहे ते दिसत नाही.

आणि सगळी मदार त्या हुकावर असते. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव निघाली की चाक सुटं होतं, तसं रिंग उघडली की आतलं काँक्रीट बाहेर सांडतं आणि उभ्या सळया फुगून वाकतात. काटकोनात वळवलेलं टोक कव्हर उडालं की उघडतं. १३५ अंशांत वळवून कॉलमच्या गाभ्यात घुसवलेलं टोक उघडत नाही.

६. अहवाल वाचताना

पूर्ण कळला नाही तरी दोन गोष्टी शोधा. पहिली, मजल्यांची आडवी सरक. आयएस १८९३ नुसार ती मजल्याच्या उंचीच्या ०.००४ पटीपेक्षा जास्त नसावी, म्हणजे तीन मीटरच्या मजल्याला १२ मिलिमीटर. पार्किंगचा आकडा मोठा आणि वरचे अगदी लहान दिसले, तर तुमचं दुखणं तिथेच आहे. दुसरी, ज्या कॉलमांत गरज क्षमतेपेक्षा जास्त आहे त्यांची यादी.

अहवालात नुसतंच "पॉलिमर मॉर्टरने दुरुस्ती करावी" असं लिहिलं असेल, तर तो भूकंपाचा अहवाल नाही. परत पाठवा.

७. उपाय ठरवणं

हा भाग घाईने उरकू नका.

काँक्रीट जॅकेटिंग हा आपल्याकडचा सर्वांत रुळलेला उपाय. जुन्या कॉलमभोवती नव्या सळया, नव्या रिंगा आणि नवं काँक्रीट. आयएस १५९८८ प्रमाणे जॅकेट किमान १०० मिलिमीटर जाड हवं आणि नव्या काँक्रीटची ताकद जुन्यापेक्षा किमान ५ मेगापास्कल जास्त हवी. म्हणजे कॉलमची रुंदी दोन्ही बाजूंनी मिळून २०० मिलिमीटरने वाढते. कॉलमची ताकदही वाढते, ताठपणाही वाढतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पायाशी. कित्येक ठिकाणी पार्किंगच्या फरशीवरूनच जॅकेट सुरू करतात. वर जाड कॉलम दिसतो, पण नव्या सळया पायात गेलेल्याच नसतात आणि इमारत हलली की जॅकेट नुसतं फरशीवर टेकून राहतं. फरशी फोडून पायापर्यंत खणायचं, सळया पायात रुतवायच्या आणि वर स्लॅबला भोकं पाडून पुढच्या मजल्यात न्यायच्या. मध्ये बीम आडवे येतात, म्हणून सळया कॉलमच्या कोपऱ्यांत घ्याव्या लागतात. पहिल्या मजल्यावरच्या सदनिकाधारकांना हे आधीच सांगा, कारण त्यांच्या खोल्यांच्या कोपऱ्यात काम येतं.

आरसीसीची नवी भिंत, म्हणजे शिअर वॉल, पार्किंगमध्ये उभी केली तर आडवा भार ती घेते आणि कॉलम मोकळे होतात. माझ्या मते, जागा असेल तर पार्किंगवरच्या इमारतीला हा सर्वांत नेमका उपाय आहे. मात्र भिंती दोन्ही दिशांना हव्यात, समोरासमोर तोलून बसवलेल्या हव्यात आणि प्रत्येकीला स्वतःचा पाया हवा. सोयीची म्हणून एकाच टोकाला बांधली तर इमारत पिळवटण्याचा धोका उलट वाढतो. लोखंडी ब्रेसिंगचंही, म्हणजे कॉलमांमधल्या तिरक्या लोखंडी आधारांचंही, तसंच. ते लवकर होतं, पण जोड नीट नसतील तर उपयोग नाही.

फायबर रॅपिंगची जाहिरात खूप होते, कारण जागा जात नाही आणि काम चार दिवसांत उरकतं. कार्बन किंवा काचतंतूचं कापड कॉलमला घट्ट आवळतं, रिंगांची उणीव बऱ्याच अंशी भरून काढतं. कापण्यासारखे टोकदार कोपरे आधी गोल करून घ्यावे लागतात आणि लांबट चौकोनी कॉलमला त्याचा फायदा कमी होतो. त्याने पार्किंगचा मजला ताठ होत नाही, हे मात्र विसरू नका. आम्ही जॅकेटिंग आणि नव्या भिंतींच्या दोन जोड्या असं मिश्रण घेतलं, आणि रॅपिंग फक्त लिफ्टलगतच्या चार कॉलमांना, कारण तिथे रुंदी वाढवायला जागाच नव्हती.

"सगळं पाडून रीडेव्हलपमेंटच करू" असं सभेत कुणीतरी म्हणणारच. कोअरची ताकद फारच कमी निघाली आणि सळया गंजून गेल्या असतील तर ते बरोबर आहे, आणि तसं अभियंत्यांनी लेखी सांगायला हवं. पण नुसती बोलणी वर्षानुवर्षं चालतात, आणि तोवर सोळा कुटुंबं त्याच कॉलमांवर झोपत असतात.

८. सभा, पैसे, परवानग्या

विशेष सर्वसाधारण सभा घ्या आणि अभियंत्यांना समोर बसवून बोलू द्या. नोटिशीसोबत फोडलेल्या कॉलमचा फोटो जोडा. सर्वांत मोठा वाद पैशांवर होईल असं मला वाटलं होतं, झाला पार्किंगवर. कॉलम रुंद झाल्याने दोन गाड्या बसेनाशा झाल्या. नवी आखणी सभेच्या आधीच जमिनीवर खडूने काढून दाखवा.

उपविधींत दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के सांगितला आहे. प्रत्यक्षात जमा रक्कम पुरत नाही, वर्गणी काढावीच लागते. ती कामाच्या टप्प्यांशी जोडा. निविदा एकाच परिमाणपत्रकावर तीन ठिकाणांहून मागवा आणि आधी दराच्या खालच्या ओळी वाचा: जॅक आणि टेकू, फरशी फोडून परत बसवणं, राडारोडा उचलणं, क्यूब टेस्ट (नव्या काँक्रीटचे ठोकळे भरून त्यांची ताकद तपासणं). स्वस्त निविदेत याच बाबी गाळलेल्या असतात. नवी भिंत आणि पार्किंगच्या जागेतला बदल यांसाठी महापालिकेची कोणती परवानगी लागेल, ते आर्किटेक्टकडून लेखी घ्या.

९. काम चालू असताना

कमिटीतल्या दोघांनी रोज खाली उतरायचंच. आम्ही पाळ्या लावल्या होत्या.

एका वेळी कोणते कॉलम धरायचे तो क्रम अभियंते देतात. शेजारशेजारचे दोन एकदम फोडू देऊ नका. टेकू लागल्याशिवाय चिपिंग नाही. फोडण्यासाठी हलकं यंत्र हवं, मोठ्या ब्रेकरने आतलं चांगलं काँक्रीटही तडकतं. जुना पृष्ठभाग खरबरीत करून धूळ धुऊन काढायची, नाहीतर नवं जुन्याला धरत नाही.

केमिकलने सळई बसवताना भोक आधी ब्रशने घासून आणि हवेने फुंकून साफ केलं पाहिजे. हे रोज डोळ्यांनी पाहा. धुळीच्या भोकात भरलेलं केमिकल धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. काही सळया ओढून तपासण्याची चाचणी कार्यादेशात असू द्या.

पहिल्याच कॉलमला फिटरने रिंगा बांधल्या आणि शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठीच्या साच्याच्या पाट्या, लावायला माणसं आली. मी टॉर्च मारून पाहिलं तर निम्म्या रिंगांची टोकं परत काटकोनात. मुकादम म्हणाले, "मॅडम, जागा कमी आहे, आत वळत नाही. एवढ्याने काय होतंय?" मी शटरिंग थांबवलं आणि अभियंत्यांना फोन लावला. त्यांनी येऊन रिंग दोन तुकड्यांत करायला लावली, टोकं आधी वाकवून मग बसवायची. अर्धा दिवस गेला. त्यानंतर फिटर स्वतःच म्हणायचा, "मॅडम, बघून घ्या, मग पाट्या लावतो." काम सगळं लपण्याआधीचा हा शेवटचा क्षण असतो. प्रत्येक कॉलमला अभियंत्यांच्या सहीशिवाय शटरिंग नाही, ही अट करारातच घाला.

मायक्रोकाँक्रीटमध्ये (जॅकेटसाठी पोत्यातून येणारं बारीक खडीचं तयार मिश्रण) पाणी मोजूनच. पोत्यावर लिहिलेल्यापेक्षा लोटाभर जास्त पडलं तरी ताकद घटते, आणि ओतायला सोपं जातं म्हणून ते हमखास पडतं. क्यूब भरताना हजर राहा, त्यावर कॉलमचा क्रमांक घाला. पाट्या काढल्यावर गोणपाट गुंडाळून सात दिवस तरी ओलं ठेवा. आमच्याकडे हे काम वॉचमनकाकांनी मनावर घेतलं होतं. रात्री बारालाही ते पाइप धरून उभे असायचे.

१०. काम झाल्यावर

पार्किंगमध्ये दोन कॉलमांमधली अर्ध्या उंचीची भिंत असेल तर ती पाडा किंवा कॉलमपासून सुटी करून घ्या. गच्चीवरच्या टाक्या आणि विटांचे कठडे अभियंत्यांकडून तपासून घ्या. भूकंपात माणसं यांच्याखालीही सापडतात. सदनिकेत भिंत काढायची असेल तर अभियंत्यांचं पत्र हवं, असा ठराव करा. आमच्याकडे तो ठराव झाल्यावर दोन महिन्यांतच त्याची गरज पडली.

सगळ्या नकाशांचा, चाचण्यांचा आणि फोटोंचा एक संच सोसायटीत आणि दुसरा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. आमच्या पार्किंगमधल्या प्रत्येक कॉलमवर पिवळ्या रंगात क्रमांक आहे आणि फाइलमध्ये त्याच क्रमांकाखाली पाट्या लावण्याआधीचा, रिंगा दिसणारा फोटो. पदभार देताना मी नव्या सचिवांना किल्ल्यांबरोबर ती फाइल दिली आणि सांगितलं, पुढच्या रंगकामात रंगाऱ्याला ते आकडे पुसू देऊ नका.